कपाटासाठी पुरलेली लाकडं

सासऱ्यांशी मी पहिल्यांदा समोरासमोर बोलले ते लाकडाविषयी. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. तोवर आबांना काही विचारायचं असलं की मी सासूबाईंना सांगायचे, आणि आबा उत्तर द्यायचे तेही सासूबाईंकडे बघून. आमच्यात तशीच रीत होती. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणे. घर धुळ्याला. हे दोंडाईच्याला एका कापसाच्या जिनमध्ये नोकरीला होते, शनिवारी संध्याकाळी मोटारीने येत आणि सोमवारी सकाळी परत जात. एरवी घरात आम्ही तिघंच.

स्वयंपाकघरात तेव्हा देवदारी खोक्यांच्या फळ्यांचं एक कपाट होतं. दूध, लोणी, पापड, लोणच्याच्या बरण्या, सगळं त्यात. एके सकाळी मी दुधाचं पातेलं आत ठेवलं आणि कपाट हळूच एका अंगावर कललं. पातेलं घरंगळत खाली आलं, दूध पार चुलीपर्यंत गेलं. वाकून बघते तर मागचा पाय आतून पोकळ. वरचा रंग शाबूत आणि आत नुसती माती. आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात. तिने किती महिने आत काम केलं होतं, कोण जाणे.

आबा म्हणाले, "आता सागाचंच करून घेऊ. सागाला उधई लागत नाही."

आबांची सगळी नोकरी जंगल खात्यात गेली होती, नंदुरबारकडच्या डोंगरात. उभं झाड बघून ते त्याच्यातून किती लाकूड निघेल ते सांगत. त्यामुळे लाकडाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नसे. अक्का इतकंच म्हणाल्या, "कसलंही करा, माझं दूध मांजरापासून वाचलं म्हणजे झालं."

पण माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती. आबांनी नोकरीत असताना करवून आणलेला एक सागाचा पाट होता, रोज मी तो त्यांच्यासाठी मांडायचे. त्याची एक कड उधईने कुरतडली होती. बाकीचा पाट धडधाकट. मी भाकरी थापता थापता अक्कांना हळूच विचारलं, "सागाला उधई लागत नाही, मग हा पाट कसा खाल्ला?"

आबा ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं. ते आत आले, पाट उचलला, दाराच्या उजेडात नेऊन उलटासुलटा करून बघितला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी तो जागेवर मांडला आणि त्याच्यावरच जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी ते सुताराकडे गेले आणि उपरण्यात लाकडाचे तुकडे बांधून आले. साग, निंब, बाभूळ, आंबा. जुन्या कपाटाचा देवदारी तुकडाही त्यांनी घेतला. परसात मागच्या भिंतीपाशी उधई नेहमी निघायची, तिथे त्यांनी स्वतः चर खणला. मग अक्कांना म्हणाले, "सूनबाईला सांग, कुठं काय पुरलं ते लिहून ठेव म्हणावं."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पाटीवर लिहिलं तर पुसेल म्हणून वहीत लिहिलं. शिवाय विळ्याने तुकड्यांना खाचा पाडल्या, सागाला एक, निंबाला दोन, अशा. आबांनी त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

न्हाणीतही एक लहान कपाट करायचं आबांच्या मनात होतं, शिकेकाई, तेलाची बाटली, त्यांचा वस्तरा ठेवायला. म्हणून आणखी चार तुकडे न्हाणीत ठेवले, रोज पाणी उडेल असे. प्रत्येकात एकेक लोखंडी खिळा ठोकला.

आता मलाच चैन पडेना. उधई काय खाते ते जमीन सांगेल, न्हाणीचं पाणी सांगेल, पण कपाटात आपण लोणी ठेवणार. लोणी तर शेजारचा कांदासुद्धा धरतं. मी एका दुपारी प्रत्येक लाकडाच्या उरलेल्या ढलपीवर सुपारीएवढं लोणी ठेवलं, वर वाट्या पालथ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी अक्कांना चाखायला दिलं. आबा तंबाखू खात, त्यांच्या जिभेचा उपयोग नव्हता. अक्कांना कुठलं लोणी कुठल्या लाकडावरचं ते मी सांगितलं नाही.

पहिलं चाखून त्या म्हणाल्या, "हे औषध दिलंस का मला?" तो निंब. देवदाराला राळेचा वास आला. साग ताजा कापलेला होता, त्याच्यावरच्या लोण्याला त्यांनी नाक मुरडलं, "नव्या वहाणेसारखं लागतंय." बाभळीचं जरा तुरट. आंब्याच्या फळीवरचं मात्र त्यांनी सगळं खाल्लं आणि बोट चाटून विचारलं, "यात काय होतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

दीड महिन्याने अक्का भावाकडे एरंडोलला गेल्या. त्या नसताना आबा परसात चरापाशी येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आता काढून बघायला हरकत नाही." निरोप पोचवायला घरात तिसरं माणूसच नव्हतं. मी पदर सावरला आणि खुरपं नेऊन त्यांच्याजवळ ठेवलं.

देवदार हाताला लागलाच नाही, मातीच हाताला आली. आंब्याची चाळण झाली होती. निंब बराच टिकला होता, बाभूळही. आबांनी सागाचा तुकडा वर काढला, झटकला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"खाल्लाय," ते म्हणाले.

त्यांच्या हातातला तुकडा मला दिसत होता. एका बाजूचं लाकूड गेलं होतं, पण गेलं होतं ते एका रेषेपर्यंत. कुणी आखून दिल्यासारखं. रेषेच्या अलीकडे फिकट, पलीकडे गडद तपकिरी, आणि त्या गडद भागाला एक दातसुद्धा लागलेला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, फिकं तेवढंच खाल्लंय. गडद तसंच आहे."

ते माझ्याकडे वळले. मी जीभ चावली. पण त्यांनी तो तुकडा माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "पाट आण."

पाटावरही तेच. कुरतडलेली कड फिकी होती. आम्ही दोघं तिथेच उकिडवे बसून पाट आणि तुकडा शेजारी शेजारी धरून बघत राहिलो. झाडाच्या सालीजवळचं लाकूड फिकं असतं आणि आतला गाभा गडद, हे आबांनी मला तेव्हा सांगितलं. हजारो ओंडके त्यांनी मोजले होते, पण त्यातलं उधई काय खाते आणि काय सोडते हे बघायची वेळ कधी आली नव्हती, असंही म्हणाले.

मग सुताराला बोलावणं गेलं. म्हातारा सुतार आला, तुकडा बघून हसला. "हाई ते आम्हले माहीत शे, आबा. पांढरं लाकूड उधई खास." पांढरं तेवढंच उधई खाते, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही साग मांगतस. गाभा कोण मांगस?"

आबांनाही हसू आलं.

न्हाणीतले तुकडे बघितले तर साग फुगला नव्हता, पण खिळे सगळ्यांचे गंजले होते. बाभळीत खिळ्याभोवती शाईसारखा काळा डाग पडला होता. मी बोट ओलं करून घासलं, तर बोटही काळं. आबा म्हणाले, बाभळीच्या सालीत लोखंड टाकून लोक काळा रंग करतात, तेच इथे झालं असणार. तो डाग आम्ही कितीतरी वेळ बघत होतो. अक्का एरंडोलहून परतल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हाणीत लाकूड हवंच कशाला? भिंतीत कोनाडा करा, खाली काळा दगड बसवा." न्हाणीत कोनाडाच झाला.

स्वयंपाकघरातलं कपाट मात्र आमच्या मनासारखं झालं. सांगाडा सागाच्या गाभ्याचा, दाराला जळगावहून मागवलेली बारीक जाळी, आतल्या फळ्या आंब्याच्या, सुट्या, म्हणजे खराब झाल्या की बदलता याव्यात. चारी पाय पाणी भरलेल्या दगडी वाट्यांत. सुतार एकेक फळी उजेडात धरून दाखवायचा आणि आबा मला हाक मारायचे, "सूनबाई, बघ गं, यात फिकं कुठं आहे का?"

एका शनिवारी हे दोंडाईच्याहून आले तेव्हा आम्ही असेच भुशात बसलो होतो. हे दारातच थांबले. आत जाऊन त्यांनी अक्कांना विचारलं, "ही आबांशी बोलते?"

"दिवसभर," अक्का म्हणाल्या. "मला कुणी विचारत नाही आता."

पुढे समोरच्या मारवाडी दुकानदारांना कपाट करायचं होतं. ते आबांकडे विचारायला आले. आबांनी आत हाक मारली, "सूनबाई, वही घेऊन ये." सुतार सोडला तर परक्या पुरुषासमोर यायची माझी ती पहिलीच वेळ. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, उंबऱ्याशी उभी राहून मी सगळं सांगितलं. काही चुकलं नाही. शेठजींनी उठताना आबांना नमस्कार केला, आणि मग थोडं थांबून मलाही.

काही वर्षांनी यांची नोकरी जळगावला झाली आणि मी बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. आबांची कार्डं यांच्या नावाने यायची, घरची खुशाली, शेताचं काय ते. पण खाली दोन ओळी माझ्यासाठी असायच्या. एकदा लिहिलं होतं, "सूनबाईस विचारणे, चिंचेच्या लाकडाचा कुणी अनुभव घेतला आहे काय. येथे कुणास नीट सांगता येत नाही." मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचून गल्लीच्या टोकाच्या सुताराकडे चौकशीला गेले.