विश्रामबागेतल्या तीन कॉट

तीन पोरं एका खोलीत राहायला लागली की किस्से आपोआप साठतात. सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा पार गार होतो! आमची खोली सांगलीत, विश्रामबागेत, पिठाच्या गिरणीच्या वर. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मोबाइल नव्हते. तिघंही नोकरीला नवीन. मी वाईचा, तानाजी कवठे महांकाळकडचा, दिलीप इस्लामपूरचा. तानाजीला माणसांशिवाय करमायचं नाही, दिलीपला माणसं नकोत, आणि मी मधल्या कॉटवर!

* * *

तानाजी भरल्या घरातला. अंघोळीला जातानाही दारात थांबून म्हणायचा, "जाऊन येतो रं!" कुणी "ये" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही.

एकदा मी बाहेर गेलो होतो आणि दिलीप हट्टानं गप्प बसला. तानाजी बादली घेऊन तसाच उभा! शेवटी खालून गिरणीवाल्या मामांचा आवाज आला, "ये रं बाबा, ये! मी म्हनतो तुला!"

* * *

रविवारी तानाजी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावायचा. तिथं आई येऊन थांबलेली असायची. तिचा ठरलेला प्रश्न, "तिकडं तुला कोन हाय का रं लेकरा?" मग हा रिसीव्हर आमच्यापैकी एकाच्या हातात द्यायचा.

एकदा आम्ही दोघं बरोबर नव्हतो. यानं रांगेत मागं उभ्या असलेल्या, बँकेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांच्या हातात रिसीव्हर दिला. "आईसंगं जरा बोला की, साहेब!"

गृहस्थ गडबडले, पण बोलले. "हो हो, मी आहे ना, बँकेतला! तो जेवतो व्यवस्थित. काळजी करू नका."

फोन ठेवला आणि तानाजीला विचारलं, "आपण कोण?"

* * *

फारच करमेनासं झालं की तानाजी एसटी स्टँडवर गावच्या गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. "नुसतं आपल्याकडचं बोलनं ऐकायचं गड्या. लय बरं वाटतंय."

एकदा मीही गेलो. गावच्या आत्याबाई भेटल्या. त्यांची पिशवी चढवायला हा गाडीत शिरला, मागोमाग मी. गप्पा अशा रंगल्या की कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मिरज मागं पडलं होतं!

मग काय, थेट गाव! घरी त्याच्या आईनं गरम भाकरी वाढली. नको म्हटलं तरी वाढत राहिली. कित्येक महिन्यांत मला असं कुणी वाढलं नव्हतं. मी ताट पुन्हा पुढं केलं. तेवढ्यात माउली मला निरखून म्हणाली, "तुमीच व्हय ते बँकेतलं काका? लय तरणं दिसताय!"

* * *

दिलीपचं वेगळंच. वडील फौजेत, हा लहानपणापासून होस्टेलवर. "मला कुणाची गरज लागत नाही," असं कायम म्हणायचा.

त्याला कावीळ झाली. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "घरचं कोण आहे बरोबर?"

दिलीप डोळे मिटूनच म्हणाला, "कुणी नाही."

तानाजी शेजारीच उसाचा रस घेऊन उभा होता. असा भडकला! "कोन न्हाई? मग सकाळधरनं मी काय मच्छरदानी हाय व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. दिलीप हसला नाही. पण रस प्यायला आणि ग्लास परत देताना हळूच विचारलं, "उद्या किती वाजता येणार?"

* * *

पुढं दिलीपला आमच्या वाईकडच्या खंडाळ्याजवळच्या कारखान्यात चांगली नोकरी लागली. "सुटलो एकदाचा तुमच्यातनं!" म्हणत गेला.

पहिल्याच रविवारी दारात हजर!

"केस कापायला आलोय. तिकडचा न्हावी बरोबर कापत नाही."

एवढा एसटीचा प्रवास करून केस कापायला! तिघं मिळून सलूनमध्ये गेलो, मग मेसमध्ये जेवलो, संध्याकाळच्या गाडीनं तो परत.

पुढच्या रविवारी पुन्हा केस! त्याच्या पुढच्याही!

सलूनवाल्यानं कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं. डोक्यावरून हात फिरवला. कात्री खाली ठेवली.

"साहेब, आता कापायला उरलंय काय?"

दिलीपनं आरशातून बाकावर बसलेल्या आम्हा दोघांकडं पाहिलं.

"असू दे," तो म्हणाला. "कात्री नुसतीच वाजवा."