दोन पानं

मास्तरीणबाई म्हणजे देवमाणूस, असं जे म्हणतात ना, त्यांनी एकदा तिच्या शिकवणीला जाऊन बसावं. देवमाणूस कसली! मनात धरलेलं सात जन्म सोडायची नाही ती.

तरुणपणी तिला शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनची पहिली खुर्ची मिळाली. तिथे दोघांत एक स्टँड, त्यावर स्वरलिपीची पानं. बाहेरच्या, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा वाजवत राहतो, आतला क्षणभर थांबून दोघांसाठी पान उलटतो. आतल्या खुर्चीवर होता तिचाच गुरुबंधू. जिभेवर साखर, म्हणून सगळे त्याला साखऱ्या म्हणत. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात, तिचा एकटीचा तुकडा ऐन रंगात आलेला असताना, साखऱ्यानं एकाऐवजी दोन पानं उलटली. ती अडखळली, थांबली. भरल्या सभागृहात हसं झालं.

"हात घसरला गं," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत खुर्ची त्याची झाली आणि पानं उलटायचं काम हिचं. पोटासाठी ती तिथेच बसली. केस पांढरे होईस्तोवर त्याची पानं उलटली आणि एकदाही चुकली नाही. लोक म्हणायचे, काय हा समजूतदारपणा! समजूतदारपणा कसला, आतून नुसती धुमसत होती बाई.

"तूही एकदा उलट की दोन पानं. फिट्टंफाट होईल," तिची थोरली बहीण भाजी निवडता निवडता म्हणायची.

"म्हणजे लोकांना वाटेल, हिला तेव्हाही जमत नव्हतं. नको ताई. मला त्याची फजिती त्याच्याच हातानं झालेली बघायचीय."

आणि घरच्या मागच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. मुलं वाजवत असताना बाई मध्येच खाडकन दोन पानं उलटायची. जो थांबला, त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. "पान गेलं तर गेलं, गज का थांबला?" पोरं रडायची, आया भांडायला यायच्या, निम्मी शिकवणी पळून जायची. टिकली ती खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची पोर. भारी खमकी. गळ्याला व्हायोलिनचा घट्टा पडला, पण गज थांबला नाही. साखऱ्याबद्दल मात्र बाईनं तिला चकार शब्द सांगितला नाही.

बाई निवृत्त झाली. पुढे वाद्यवृंदानं पहिल्या खुर्चीसाठी नव्यानं निवड घेतली. वाजवणारा पडद्याआड, त्यामुळे नाव नाही, वशिला नाही, साखर नाही. खुर्ची शिंप्याच्या पोरीला मिळाली. साखऱ्याच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, जाणार कुठे? सरकला गपचूप आतल्या खुर्चीवर.

कार्यक्रमाला बाई पुढच्याच रांगेत बसली होती. पोरीकडे तिनं बघितलंही नाही. तिची नजर साखऱ्याच्या उजव्या हातावर. माणूस म्हातारपणी सुधारतो म्हणतात. हा सुधारला असेल तर काय? खरं सांगायचं तर तो सुधारू नये म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते.

पोरीचा एकटीचा तुकडा आला. साखऱ्यानं हात पुढे केला आणि दोन पानं उलटली.

पोरीनं डोळे मिटले आणि ती वाजवत राहिली. मागचे सगळे तिच्यामागून नीट चालले होते. हरवला तो एकटा साखऱ्या. पुढ्यात भलतंच पान, पाठ काहीच नाही. घाईनं पानं मागेपुढे करता करता त्याच्या हातून सगळा गठ्ठा खाली गेला. संचालकानं पाहिलं, पहिल्या रांगांनी पाहिलं. गज मांडीवर ठेवून तो शेवटपर्यंत तसाच बसून राहिला.

नंतर बाहेरच्या बोळात त्यानं बाईला गाठलं. चेहरा उतरला होता. "हात घसरला गं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाली. "त्याच भरवशावर तर तिला शिकवली."

एवढ्यात पोर धावत आली, बाईच्या पाया पडली आणि साखऱ्याकडे वळून सरळ मनानं म्हणाली, "काका, काळजी करू नका. बाई तर रोजच दोन उलटायच्या."

साखऱ्यानं बाईकडे पाहिलं. बाई आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसली.

"उद्याही कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "वेळेवर ये. हिची पानं तुलाच उलटायचीत."