फराळ म्हणजे जेवण, आणि इतर सूचना

डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकता येतात. किस्से घेऊन माणूस कुठं जाणार? आम्ही ते रविवारी सकाळी बोईसरला घेऊन जातो.

तिथं एक कोचिंग क्लास आहे. रविवारी तो रिकामा असतो आणि मालक भला माणूस आहे. आम्ही सहा-सात जण जमतो, त्याला आम्ही कट्टा म्हणतो. सगळे प्रौढ, सगळे ऑटिस्टिक, आणि प्रत्येकाला कधी ना कधी ही गोळी लागलेली. आमचे नियम थोडे आहेत. ट्यूबलाइट लावायची नाही, ती डोक्यात गुणगुणते. "कसे आहात?" असं विचारायचं नाही, कारण आमच्यातले लोक खरं उत्तर द्यायला लागतात आणि सकाळ संपते. कंटाळा आला की निरोप न घेता उठून जायचं. इतका सुसंस्कृत कार्यक्रम मी सरकारी नोकरीत एकही पाहिला नाही.

त्यातला सगळ्यात म्हातारा मी. पालघरच्या एका कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालो. मी ऑटिस्टिक आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं. तोवर रोज तीच खुर्ची, तोच डबा, कुणाशी फार बोलणं नाही, आणि टेबलावरचा पेनस्टँड कुणी सरकवला तर सगळा दिवस वाया. ऑफिसात याला शिस्त म्हणायचे. निरोप समारंभात त्याबद्दल शालसुद्धा दिली.

मराठीत आम्हाला स्वमग्न म्हणतात. शब्द ऐकला की डोंगरावर डोळे मिटून बसलेला कुणी तपस्वी दिसतो. मी पालघर स्टेशनबाहेर रिक्षांचे हॉर्न सुरू झाले की कानावर हात ठेवून उभा असतो. तपस्वी असं उभं राहत असतील तर माझी हरकत नाही.

*

निवृत्त झालो तशी खुर्ची गेली, डब्याची वेळ गेली, आणि मी अंथरुणातून उठेनासा झालो. बायको पालघरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आमच्या कट्ट्यावरच्या तिघांचे डॉक्टर तेच. पेशंटला भरपूर वेळ देतात अशी त्यांची ख्याती आहे, आणि ती खरीही आहे. फक्त तो वेळ ते पेशंटबरोबर आलेल्या माणसाला देतात.

त्यांनी बायकोला विचारलं, "यांना पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस उरलाय का?"

मला एसटीची जुनी वेळापत्रकं आवडतात. पालघर डेपोची बरीचशी माझ्याकडे आहेत. बायको म्हणाली, "रस? दिवसभर तेच घेऊन बसलेले असतात."

"मग छान आहे की," डॉक्टर म्हणाले. "डिप्रेशनमध्ये माणसाचा रसच जातो."

मी त्या वेळी रडत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे टिश्यूचा डबा सरकवला आणि बायकोला सांगितलं, "काळजीचं कारण नाही."

पुढच्या खेपेला बायकोने त्यांना बोलूच दिलं नाही. "वेळापत्रकं वाचतात," ती म्हणाली, "पण त्यातली सातपाटीची गाडी सुटली की हुंदके देतात." तेव्हा गोळी मिळाली.

*

गोळीची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलो. बाजाराची वेळ, काउंटरवर गर्दी. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि मागच्या पोराला ओरडून सांगितलं, "अरे, काकांची ती डिप्रेशनवाली काढ."

शेजारी आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ खोकल्याचं औषध घेत होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुम्हाला कसलं डिप्रेशन? पेन्शन चालू आहे की तुमचं."

"पेन्शन महिन्यातनं एकदा येतं," मी म्हटलं. "हे रोज येतं."

ते म्हणाले, गोळीची सवय लागेल, त्यापेक्षा पहाटे उठून प्राणायाम करा. मी विचारलं, खोकल्याला प्राणायाम चालत नाही का. तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. गोळीचे फायदे-तोटे पुढं बरेच कळले, पण हा पहिला फायदा लगेच मिळाला.

*

आमच्यातला निलेश पालघरजवळच्या माहीमचा. घरची नारळाची आणि पानवेलीची वाडी आहे, पण हा वायरमन झाला. माणसांपेक्षा तारा बऱ्या, कुठली कुठं जाते ते कळतं, असं त्याचं म्हणणं. त्याला गोळी सुरू झाली, पावसाळ्याअखेर त्याचा चेहरा जरा उजळला, कट्ट्यावर एकदा तो स्वतःहून हसला. मग नवरात्र आलं.

नवरात्रात आई धरते म्हणून निलेशही नऊ दिवसांचे उपास धरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला डोक्यात झटके बसायला लागले. मान वळवली की आतून करंट गेल्यासारखं व्हायचं. आता वायरमन माणसाला झटका बसल्यावर तो काय करणार? त्याने घराचं अर्थिंग तपासलं. ते ठीक निघालं. मग बोर्ड उघडले, मग मीटर उघडला, मग पंपाची लाइन उकरली. घरात घट बसलेले आणि सगळं घर अंधारात. आई देवासमोर समई लावून बसली होती, त्या उजेडात हा तारा सोलत होता.

"मला बसतोय ना शॉक," तो म्हणायचा.

"मला नाय बसत, तुझ्या बापाला नाय बसत," आई म्हणायची. "घर काय तुझ्यावरच रागावलाय काय?"

शेवटी ती त्याला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आईला विचारलं, "गोळी वेळेवर घेतो ना?"

आई म्हणाली, "मला काय म्हायती? त्यालाच विचारा की."

निलेश म्हणाला, "घेत नाय. पाकिटावर लिवलंय, जेवणानंतर एक. आमी जेवलोच नाय तर गोळी कशी घेनार?"

तेव्हा कळलं की गोळी एकदम बंद केली की असे झटके बसू शकतात. डॉक्टरांनी खूप समजावलं, अशी मधेच सोडायची नसते वगैरे. आणि उपासाच्या दिवशी फराळालाच जेवण समजायचं.

निलेशला हे पटेना. "फराळ म्हंजे जेवण, तर मग उपास कसला?"

डॉक्टर आईकडे वळले. आई म्हणाली, "हेच मी त्याच्या बापाला लग्नापासून विचारतेय. साबुदान्याचं पातेलं एकटा संपवतो."

आता निलेशच्या पाकिटावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं असतं: जेवणानंतर किंवा फराळानंतर. मेडिकलवाल्याला वाटतं हे नवीन औषध आहे.

*

आता सुजाताचं सांगतो. ती मूळ शिरगावची. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे, आणि सालवडला एक खोली घेऊन एकटी राहते. ही खोली तिला फार प्रिय. तिथं पंखा तिच्या मनाने फिरतो, कुणी कुकर लावत नाही, आणि एकच पांढरी चादर तीन वर्षं आहे. घरच्यांना वाटतं पोरगी एकटी पडली. ती म्हणते, "एकटी पडले नाही, एकटी राहिले."

गेल्या वर्षी ती ढासळली. कामावर जायची, परत यायची, आणि दार लावून जमिनीवर बसायची. जेवण नाही, अंघोळ नाही. थोरला भाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळी सुरू झाली आणि दोन दिवसांत सुजाता चालायला लागली. म्हणजे शब्दशः. पाय थांबेनात. आत कुणीतरी इंजिन सुरू करून ठेवल्यासारखं वाटायचं, बसवेना, उभं राहवेना. संध्याकाळी सालवडच्या गल्ल्यांतून ती फेऱ्या मारत राहायची. शिफ्टवरून आलेले कामगार ओट्यावर बसलेले असायचे. त्यातला एक म्हणाला, "मैडम, कुछ गिर गया क्या? हम ढूँढ दें?"

"नींद," सुजाता म्हणाली.

तो बिचारा मोबाइलची बॅटरी लावून दोन मिनिटं रस्त्यावर बघत होता.

डॉक्टरांना तिने सांगितलं, मला ही गोळी फार होते, पाव द्या. ते भावाला म्हणाले, "इतक्या कमी डोसने असं कुणाला होत नाही. ही तिची चिंता आहे." आणि डोस वाढवला. सुजाताने घरी जाताना भावाला विचारलं, "कुणालाच होत नसेल तर मला झालं ते कुणाला झालं?" भाऊ म्हणाला, "डोकं खाऊ नको."

*

वाढवलेल्या डोसने पाय थांबले. बाकीचंही थांबलं.

सुजाता एरवी गुणगुणते. काम करताना, चालताना, कट्ट्यावर बोलायची पाळी येईपर्यंत. ते थांबलं. शिरगावला नात्यातलं लग्न होतं, तिथं डीजेच्या भिंतीला टेकून ती सगळी हळद बसून राहिली. तिची वहिनी खूश. "किती शांत झाल्या हो ताई! फोटोलासुद्धा उभ्या राहिल्या." मामी म्हणाल्या, गोळी लागू पडली. काकू म्हणाल्या, आता स्थळ बघायला हरकत नाही.

रविवारी ती कट्ट्यावर आली आणि आपली पाळी आल्यावर म्हणाली, "मांडवात आई घसरून पडली. मी समोर होते. मी बघत होते, आणि आत काही हललं नाही. आधी मला फार वाईट वाटायचं. आता काहीच वाटत नाही. याला बरं होणं म्हणतात का?"

आमच्यात सल्ले द्यायची पद्धत नाही. निलेशने बंद ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मेन स्विचच खाली पाडलाय त्यांनी. त्यांना दिवा बारीक करायला सांगितला होता."

कुणीतरी म्हणालं, सोडून दे मग गोळी. सुजाता म्हणाली, "नाही. गोळी सोडली तर मी परत जमिनीवर बसेन. मला ती हवी आहे. थोडी हवी आहे." आणि निलेशने झटक्यांची हकीकत तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितली, मीटरसकट.

भावाला तिने हेच सांगितलं. भाऊ वाईट नाही, पण त्याचा धीर संपला होता. तो म्हणाला, शनिवारी शेवटचं डॉक्टरांकडे जाऊ. ते सांगतील तो डोस मुकाट घ्यायचा. नाहीतर खोली सोडायची, नोकरी सोडायची आणि शिरगावला घरी यायचं. वहिनी लक्ष ठेवेल.

सुजाता मला म्हणाली, "काका, प्रत्येक पेशंटबरोबर तिथं एक माणूस असतो. दादा त्याच्या मनाने येतोय. माझ्या मनाचा एक माणूस हवा. तुम्ही याल?"

मी इस्त्रीचा शर्ट घातला.

*

शनिवारी सकाळी केबिनमध्ये तीन खुर्च्या. मधे सुजाता, एका बाजूला तिचा दादा, दुसऱ्या बाजूला मी. डॉक्टरांनी मला ओळखलं, मान हलवली, आणि दादाकडे वळले.

"झोप कशी आहे हिची?"

"एकदम छान," दादा म्हणाला. दादा शिरगावला राहतो, सुजाता सालवडला. तरी त्याला माहीत होतं.

"भूक?"

"चांगली."

"चिडचिड करते का?"

"अजिबात नाही. आता काही बोलतच नाही."

"वा," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. "मग हाच डोस चालू ठेवू सहा महिने."

सुजाता आतापर्यंत एकदा डॉक्टरांकडे, एकदा दादाकडे बघत होती. चेंडू कुठून कुठे जातो ते बघावं तसं. आता ती माझ्याकडे वळली.

"काका, डॉक्टरांना झोप लागते का?"

मी आयुष्यभर क्लार्क होतो. समोरून प्रश्न आला की माहितीप्रमाणे उत्तर द्यायचं, एवढंच शिकलो. डॉक्टरांकडे नीट बघून म्हटलं, "लागत नसावी. डोळ्यांखाली काळं आहे."

"भूक?"

"पोटावरून तरी बरी वाटते."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"चिडचिड करतात का?"

"मागच्या खेपेला कंपाउंडरवर ओरडले होते. त्यानंतरचं मला सांगता येणार नाही."

"सुजा, काय चाललंय तुझं?" दादा अर्धवट उठला. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. ती पुढचा प्रश्न आठवत होती.

"त्यांना पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत..."

"अहो," डॉक्टर म्हणाले, "मी इथं समोर बसलोय. माझ्याबद्दल विचारायचंय तर मला विचारा ना."

सुजाताने जरा विचार केला.

"असं चालतं इथं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. खुर्ची तिच्याकडे वळवली. मग दादाला आणि मला म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर बाकावर बसा."