शुक्रवारची पिशवी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला नाही. माझी प्रत्येक बातमी छापण्याआधी वाचणाऱ्या ऑफिसातल्या मित्रालाही नाही. तसं पाहिलं तर घडलं ते लहानच. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर बुडालं नाही. मग इतकी वर्षं का दडवलं? — लहान होतं म्हणूनच, बहुधा. मोठा गुन्हा कबूल करणाऱ्याला थोडं तरी मोठेपण मिळतं. यात तेही नाही.

मी पेडणे तालुक्याचा बातमीदार. मोपाचा विमानतळ, पंचायतीच्या सभा, नळाला न येणारं पाणी, हे माझं काम. ऐकलेलं दोनदा पडताळायचं आणि मगच लिहायचं, अशी सवय या धंद्यानं लावली. ही सवय मला होती, हे लक्षात असू द्या.

यशचा जन्म झाला तेव्हा दुर्वाला तिसरं वर्ष लागलं होतं. बाळंतपण म्हापशाला झालं. घरी सोडलं तो शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. वाटेत मी उतरून केळ्यांचा घड घेतला, एक सूप घेतलं, बाळासाठी जाळीची मच्छरदाणी घेतली. गाडी दारात थांबली. दुर्वा पायरीवर, बाळंतपणासाठी आलेल्या माझ्या सासूबाईंचं बोट धरून उभी. गाडीतून आधी केळी उतरली, मग सूप, मग मच्छरदाणी आणि शेवटी सुजाताच्या हातात गुंडाळलेला यश.

"गो दुर्वा," शेजारच्या काकी कुंपणावरून ओरडल्या, "बापाशीन म्हापशाच्या बाजारातसून भाव हाडलो बघ तुका! बरो वजनदार निवडलो हां!"

सगळे हसले. भावंडं बाजारातल्या एका बाईकडून विकत आणतात, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला सांगतात. दुर्वा हसली नाही. ती माझ्या पिशवीत वाकून बघत होती — आणखी काही आहे का ते.

चार दिवस तिला गंमत वाटली. मग एका सकाळी तिनं यशकडे बोट दाखवून मला शांतपणे सांगितलं, "बाबा, ह्याका परत देवन ये." आम्ही पुन्हा हसलो. पण तिची मागणी गंभीर होती. बाळ झोपलं की ती डब्यावर चमचा बडवायची. सुटलेली दुधाची बाटली पुन्हा मागायची, आणि चड्डी ओली करून मुद्दाम आमच्या समोर येऊन उभी राहायची. सुजाता उभ्यानंच जेवायची. दुर्वाची एक वेणी घालून व्हायची, तेवढ्यात यश रडायचा आणि दुसरी बाजू संध्याकाळपर्यंत तशीच मोकळी राहायची. अर्धी वेणी घातलेली ती मुलगी अंगणात कोंबड्यांना दम देत हिंडायची. आठवलं की अजून हसू येतं. त्या दिवसांत मात्र हसायला कोणाला सवड नव्हती.

आणि मग एका दुपारपासून दुर्वा बदलली.

त्या दुपारचं सांगतोच — पण आधी पुढचं ऐका. ती शहाणी झाली. रडणं थांबलं. डबा बडवणं थांबलं. न्हाताना डोळ्यांत साबण गेला तरी ओठ घट्ट मिटून बसायची. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा, तेव्हा तिच्यासाठी एक कांकण ठरलेलं असे. बांगडीसारखा तो कडक पाव ती मनगटात घालून दिवसभर कुरतडायची. तेही ती यशच्या पाळण्यात ठेवू लागली. दात नसलेल्या भावाला! सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "माझा चेडू शाणा. वारसुद्धा वळखता." खरंच ओळखायची. लाल-पिवळा तिला कळत नव्हता, पण रोज सकाळी उठून ती विचारायची, "आज शुक्रार?"

तिला शुक्रवार का कळायला हवा होता, हे कोणीच विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

ती दुपार अशी. सासूबाई सर्वणला, आपल्या गावी गेल्या होत्या, शेतात लावणी होती. सुजाता भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली होती. यश माझ्या खांद्यावर नुकताच निजला होता आणि मी एका अंगठ्यानं मोबाईलवर बातमी लिहीत होतो. दुर्वाला पाळण्यात बसायचं होतं. मी नाही म्हटलं. तिनं तोंड उघडलं. मूल मोठ्यानं रडण्याआधी श्वास आत घेतं, तो क्षण तुम्हाला ठाऊक असेल. त्या क्षणात मी बोललो. ओरडलो नाही, रागावलोही नाही. सभेचं वृत्त सांगावं तशा आवाजात म्हणालो, की बाजारातली ती बाई मुलं बदलूनही देते. जे मूल रडतं ते ती ठेवून घेते. आणि शुक्रवारी मला म्हापशाला जायचंच आहे.

तिचा श्वास तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरा?"

मला वाटतं, माझी चूक इथे आहे. आधीचं वाक्य थकव्याचं होतं असं म्हणता येईल — कोणीही म्हणेल. पण तिनं पडताळून पाहिलं होतं. माझ्याच धंद्याचा प्रश्न तिनं मला विचारला होता. आणि मी म्हणालो, "खरा."

एकदाच म्हटलं असतं तर? पण मला ते उपयोगी पडलं. पुढे बोलायचीही गरज उरली नाही. दाराआड खुंटीवर बाजाराची कापडी पिशवी असे. दुर्वा हट्टाला आली की मी उठून ती नुसती खाली काढायचो. सुजाताला वाटायचं, मी दुकानात निघालो. दुर्वाला ठाऊक होतं मी कशाला निघालो ते. ती जिथे असेल तिथे थांबायची, फ्रॉक खाली ओढून नीट करायची, आणि मी पिशवी परत अडकवायचो. असं किती वेळा केलं? मोजलं नाही. मोजावं असं ते तेव्हा वाटलंच नाही.

एका शुक्रवारी मी खरोखरच म्हापशाला गेलो. परत आलो तर दुर्वा पाळण्याजवळ बसलेली. यशच्या पायाचा अंगठा तिनं मुठीत धरला होता. मला बघताच उठली, पिशवीकडे पाहिलं आणि भरभर म्हणाली, "बाबा, त्या बाईक सांग. मी रडूक नाय." मग थोडं थांबून, "बाबूय रडूक नाय."

बाबू म्हणजे यश. आतून सासूबाई म्हणाल्या, "खंयचो रडूक नाय! सकाळधरून घर डोक्यार घेतला त्येणी."

म्हणजे ती खोटं बोलली होती. ज्याला परत देऊन ये म्हणत होती, त्याच्यासाठी. मी तिला उचलून घेतलं. माझ्या मानेत तोंड खुपसून ती कितीतरी वेळ तशीच राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. ती कडेवर होती, मला वेळ होता, घरात सगळे जागे होते. मी काय केलं? तिला केळं सोलून दिलं.

काही आठवड्यांनी पुरवणीसाठी काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. मी थोरल्या लेकीवर लिहिलं. मोठं भावंड धाकट्याला कसं सामावून घेतं, त्याला फक्त माया आणि धीर कसा लागतो, वगैरे. शेवट तिच्या वाक्यानं केला — "बाबूय रडूक नाय." शब्द जसेच्या तसे दिले. एक अक्षर बदललं नाही. फक्त आधीचं वाक्य गाळलं, आणि ती बाई. लोकांचे फोन आले. गावातल्या बायका सुजाताला विचारू लागल्या, तुम्ही थोरलीला कसं सांभाळलंत, आम्हालाही सांगा. सुजाता लाजून म्हणायची, "आमी काय नाय केला, ता मुळातच शाणा." ती ते मनापासून सांगायची. कात्रण अजून कपाटाच्या दारावर आहे.

दुर्वा आता चौथीत आहे. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नसावं. नसावं म्हणतो, कारण मी विचारलेलं नाही. दोघं दिवसभर भांडतात, आणि निजताना एकमेकांच्या अंगावर पाय टाकतात. यश प्रत्येक गोष्ट बदलून मागतो. चेंडू, छत्री, ताटातला मासासुद्धा. दुर्वा कधी मागत नाही. रंग विटलेला असो, शिवण उसवलेली असो, आणलेलं तिला चालतं. सुजाता याला समाधानी स्वभाव म्हणते.

यंदा शाळा सुरू होताना मी म्हापशाहून तिचे बूट आणले. दोनेक दिवसांनी ती पाय ओढत घरी आली.

"अगो, घट्ट जातत तर सांग मगे," सुजाता म्हणाली. "बाबा शुक्रारी बदलून हाडतलो."

"नको," दुर्वा म्हणाली. "बरे आसत."

मी तिला पायरीवर बसवलं आणि बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. सोडवताना खालचं सालटं निघालं. दुखतं का, विचारलं. तिनं मान हलवली, हो म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण मी रडूक नाय."

तिथे अशी कोणी बाई नव्हती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.