अहो, जरा जोर लावा

मुलीला ज्युदोला घातलं तेव्हा मी नुसती तिला सोडायला जायचे. पंचवटीतल्या एका समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी वर्ग भरतो. शिकवणारे सर देवळाली कॅम्पातून, तोफखान्यातून निवृत्त झालेले. भिंतीला टेकून मोबाइल बघत बसणाऱ्या आयांचा त्यांना मनापासून कंटाळा. एकदा मला म्हणाले, ताई, बसून पाठच दुखणार, त्यापेक्षा मॅटवर या. मी त्रेचाळीसची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. गेले.

सुरुवातीला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, हात मॅटवर सपाट आपटायचा. या वयात कुणीतरी आपल्याला नीट पडायला शिकवतंय, याचीच मला मजा वाटायची. जोडीनं सराव सुरू झाला तेव्हा मात्र अडचण आली. बाकी सगळी शाळकरी मुलं, नाहीतर भरतीची तयारी करणारे तरुण. माझ्या वजनाचं कुणीच नाही. सरांनी दारात हेल्मेट धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो मला आणि मुलीला घ्यायला आला होता. पुढच्या आठवड्यात तोही पांढरा जाड डगला घालून मॅटवर उभा होता.

आमची मखमलाबादला गुलाबाची आणि शेवंतीची शेती. रोज पहाटे फुलांचे क्रेट गाडीत चढवून त्याचे खांदे दगडासारखे झालेले. तरी मी त्याची बाही धरून कमरेवरून टाकायचा डाव केला की तो भद्दिशी पडायचा. दर वेळी. मला वाटलं, आपल्याला हे उपजतच येतं. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीच्या बाईंना मी तो डाव खुर्ची धरून करून दाखवला.

मग कळवणची एक मुलगी आली. इथं एका दवाखान्यात नर्स होती, अंगानं माझ्याहून बारीक. सरांनी आमची जोडी लावली. मी रुबाबात तिची कॉलर धरली, कंबर आत घातली, ओढलं. ती हललीसुद्धा नाही. पुन्हा ओढलं. तिनं काळजीनं विचारलं, "ताई, सुरू करायचं का?"

घरी जाताना गाडीवर मागे बसून मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही मुद्दाम पडता का?"

तो सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "मग काय तुला पाडू? लोक काय म्हणतील?"

मला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला. मी सांगितलं की उद्यापासून असं पडलात तर मी येणार नाही. त्यानं ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पकडते न पकडते तोच खालून पाय निघाला, छत दिसलं आणि छातीतली हवा गेली. पडायला शिकले होते म्हणून लागलं काही नाही, पण श्वास परत येईना. तो पांढराफटक. गुडघ्यावर बसून डगल्याच्या पदरानं मला वारा घालत होता. ते बघून मला इतकं हसू आलं की श्वास आपोआप सुरू झाला.

सरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इतके दिवस तू बायकोला खोटं शिकवलंस, आज काहीच शिकवलं नाहीस. समोरच्याला घाम फुटला पाहिजे, आणि उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे. किती जोर लावायचा हे तुझ्या खांद्यांना काय कळणार, तिलाच विचार.

तेव्हापासून आम्ही सरावात बोलायला लागलो. तो हळूहळू भार टाकायचा. मी म्हणायचे, "अहो, वाढवा." मग, "अजून." मग दातओठ खाऊन, "बास, एवढाच ठेवा." त्या एवढ्यावर मी धडपडायचे, सुटायचे, कधी अडकायचे. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला इतकं स्पष्ट कधी काही सांगितलं नव्हतं. तोही शिकला. माझा डावा खांदा जरा दुखरा आहे हे मी न सांगता त्याच्या लक्षात आलं, आणि तिकडून तो कधी ओढेना. बाकी तीन बाजूंनी मात्र सोडायचा नाही. कळवणच्या नर्सबरोबरही आता माझं जमायला लागलं होतं. तिला पाडता येत नसलं, तरी निदान डुलवू शकत होते.

गेल्या थंडीतली गोष्ट. तो पुढे रेटत होता, मी मागे सरकत होते. एका क्षणी त्याचा सगळा भार पुढच्या पायावर आला. मी विचार केला नाही. कंबर आपोआप आत गेली आणि तो माझ्यावरून पलीकडे गेला. मॅट दणाणली. वर्गातली पोरं थांबून बघायला लागली.

या वेळी खरं की खोटं, हे विचारायची गरज पडली नाही. तो उठला तेव्हा कपाळाला आठी होती, कान लाल झाले होते. डगला ओढून नीट करत म्हणाला, "परत ये."

परत आले. या वेळी त्यानं मला पाडलं, व्यवस्थित, हात धरून. खाली पडल्या पडल्या मला जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. मुलगी कोपऱ्यातून टाळ्या वाजवत होती. कोणासाठी, ते तिलाही ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसून कंबर चोळत होता. सासूबाई शेवंतीची फुलं निवडत होत्या. त्यांनी विचारलं, क्रेट उचलताना लचकली का. त्यानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली आणि सांगितलं, हिनं पाडलं.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यो तिसरीत व्हता तवापासून ह्याला एकदा पाडावं असं माझ्या मनात व्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्यानं नाय झालं."

मग त्यांनी फुलांची पाटी बाजूला सारली, पदर खोचला आणि विचारलं की पाय नेमका कुठं ठेवायचा.