कडूकांद्याची पहिली चकती

गडचिरोलीच्या रानात कडूकांदा नावाचा एक कंद सापडतो. नाव ठेवणाऱ्याने काही लपवून ठेवलेलं नाही. वेलीखालून खणून काढायचा, सोलून पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि बांबूच्या टोपलीत भरून रात्रभर वाहत्या नाल्यात ठेवायच्या. कडूपणा पाण्याबरोबर गेला की तिखट-मीठ लावून खा, नाहीतर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, दाण्यांत भाजी करा, दोन्हीला तोड नाही. पण घाई केली तर घसा धरतो आणि ओकून ओकून माणूस अर्धा होतो.

म्हणून टोल्यावर, त्या रानातल्या छोट्या वस्तीवर, रीत होती. पहिली चकती धुरपताबाईच्या जिभेवर. ती ‘गोड’ म्हणाली की दुसरी पोटुशी बाईला, आणि मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. धुरपताबाईला या मानाचा जरा तोरा होता, आणि का नसावा? नवरा गेल्यावर चारचौघांत तिला कुणी विचारत होतं ते या जिभेसाठीच.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मान जाईल या भीतीने तिने कुणाजवळ ब्र काढला नाही. हिवाळ्यात कांदे निघू लागले, तशी ती दरवेळी चकती चघळायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “अजून एक दिवस राहू द्या पाण्यात.” चकत्यांचा पार लगदा व्हायला लागला.

एके सकाळी, नव्या टोपल्यांना पाण्यात एकच रात्र झाली होती, तरी नाल्यावर शेजारच्या लच्छूने तोंड सोडलंच. “काय व धुरपताबाई, कांद्याले आंघोळच घालून राह्यली काय? आमी खावाचं कधी?”

सगळे हसले. धुरपताबाईने चकती तोंडात घातली. माती घातली असती तरी तशीच लागली असती. आता ‘गोड’ म्हणून मोकळं व्हावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच समोर मोनालीचा पसरलेला हात दिसला. मोनाली तिच्या भावाची लेक, आता तिचीच सून, आणि दिवस भरत आलेले. दुसरी चकती तिची होती.

धुरपताबाईने तोंडातली चकती थुंकून टाकली.

“मले चव समजत नाई,” ती म्हणाली. “तापापासून नाई समजत. लच्छू, तूच पाह्य.”

लच्छूने चकती चावली आणि थू थू करत पाण्याकडे पळाला. या वेळी कुणी हसलं नाही. टोपल्या परत नाल्यात गेल्या आणि माणसं घरी गेली.

धुरपताबाई काठावरच बसून राहिली. मोनाली पोट सावरत तिच्याजवळ टेकली.

“मले ठाऊक होतं, आत्या. तुह्या भाजीत मीठ कधी दुप्पट, कधी नाईच.”

“अन् तू खात होती?”

“खात होती.”

“मंग आज हात काऊन पसरला? म्या ‘गोड’ म्हटलं असतं तं?”

मोनालीला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

“तू मले कडू चारशीन काय, आत्या?”

धुरपताबाईने तिला कुशीत ओढलं आणि ती पोरीसारखी रडली.