आई व बाळ सुखरूप

हॉस्पिटलमध्ये वर्षभर काम केलं की किस्से साठतातच. माझे सांगायला घेतले की लोक आधी हसतात.

परदेशात शिकताना वाटायचं, हजारो केसपेपर कॉम्प्युटरला वाचायला द्यायचे. बाळंतपणानंतर नैराश्यात चाललेली बाई तो नोंदींवरून वेळेत ओळखेल. सांगलीला परत आले, तर केसपेपरवर नोंदीच नव्हत्या. शिक्का होता!

'आई व बाळ सुखरूप.' विश्रामबागेतल्या आमच्या हॉस्पिटलात शोभा सिस्टर सकाळीच सगळ्या पेपरांवर तो मारून ठेवायच्या. बाई अजून कळा देत असायची!

"सिस्टर, आधीच?"

"आवं मॅडम, मागनं लय गडबड असती."

मी शिक्का बंद करायला लावला. बाई काय म्हणते ते लिहा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांवर एकच ओळ : 'तक्रार नाही.'

"विचारलंत त्यांना?"

"सासवांना इचारलं की!"

मग मी प्रश्नांचा फॉर्म काढला. रडू येतं का? झोप लागते का? सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं बायकोचा फॉर्म उभ्या उभ्या स्वतःच भरला. "लय खंबीर हाय, मॅडम!" बायको मागं भिंतीकडं बघत उभी होती.

अखेर एकदा माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामनं धोक्याचा लाल दिवा दाखवला. मी धावत डॉक्टरांकडे. नोंद होती : 'सारखी रडते. झोपत नाही. काही घेत नाही.'

डॉक्टरांनी पेपर पाहिला. "अगं, हा बाळाचा पेपर आहे!"

सगळं ऑफिस हसलं. वर्षभरात कुणाचं रडणं लिहिलेला तो एकच पेपर होता.

आणि सुनंदा. बाळंतपणाला सांगलीत माहेरी आलेली. बाळाच्या लसीला आली, तेव्हा सासूही सोबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिला साताऱ्याला सासरी नेणार होती. सुनंदानं बाळ माझ्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे तुमीच ठेवून घेता का? माझ्याजवळ न्हाई जगायचं."

"चेष्टा करती वो!" सासू हसली. सिस्टर हसल्या. मीही हसले. सुनंदानं बाळ उचललं आणि गेली.

तिच्या पेपरवर लिहिलं होतं : तक्रार नाही.

सकाळी मी एसटी स्टँडवर होते. डॉक्टरांचा फोन आला. "कुठे आहेस? त्या सुनंदाबद्दल प्रोग्राम काय म्हणतोय?"

"धोका नाही म्हणतोय," मी म्हटलं, आणि गाडीत सुनंदाच्या शेजारी बसून साताऱ्याचं तिकीट काढलं.